उकंडाच्या ओल्या चपला

उकंडा चालतो, अशी कुजबुज आमधरीत भादव्यात सुरू झाली.

आता उकंडानं चालण्यात कुजबुजण्यासारखं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. गावात सगळेच चालतात. काही तर नको तिथं, नको त्या वेळी चालतात, पण त्यांची नावं घ्यायला बसलं तर ही गोष्ट बाजूला राहील. उकंडाचं तसं नव्हतं. त्याचे दोन्ही पाय कमरेपासून गेलेले होते. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यातून तसा कागद मिळाला होता आणि त्या कागदाच्या जोरावर त्याला निराधारचा पगार सुरू होता. तेव्हा उकंडा चालतो याचा अर्थ, उकंडा सरकारला बनवतो.

पुरावा शेजारच्या लालीबाईचा. ती झुंजुमुंजू झालं की अंगण झाडायला उठे, आणि झाडता झाडता तिची नजर आपसूक तुऱ्हाट्यांच्या कुंपणावरून पलीकडे जाई. उकंडाची खाट ओसरीत. खाटेखाली त्याच्या चपला. संध्याकाळी कोरड्या, सकाळी ओल्या. कधी त्यांना काळा गाळ, कधी लाल मुरूम, एकदा तर टाचेला सोयाबीनचं पिवळं पान चिकटलेलं. वर तिनं बोलणंही ऐकलं होतं. कुडाला कान लावून नाही बरं का, कूडच पातळ आहे असं तिचं म्हणणं. सत्यशीला नवऱ्याला विचारत होती, "आज कुठवर गेलते?" आणि उकंडा सांगत होता, "आज नाल्यापार गेलतो. पानी पिंडरीले लागलं."

लालीबाईनं हे कोणालाच सांगितलं नाही. फक्त चक्कीवर सांगितलं.

उकंडा हे नाव त्याला हौसेनं ठेवलेलं नव्हतं. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवून उचलून आणलं. यमाला वाटावं, हा केरकचरा, याला कोण नेतो. युक्ती चांगली लागू पडली. पोरगा जगला, उंच झाला, आणि राळेगावच्या एका जिनिंगवर त्याला असं काम मिळालं की ज्यात फक्त पाय लागत.

गाडी भरताना कापूस फुलून येतो, गाडीत मावत नाही. मग एक जण वर चढून पायांनी तो दाबत जातो. तो एक जण म्हणजे उकंडा. खालून माणसं टोपल्यांनी कापूस फेकत, वर हा गोल गोल फिरत राही. आधी पाय गुडघ्यापर्यंत आत जात, मग हळूहळू कापूस खाली बसे आणि उकंडा वर येई. पायांचा आवाज नाही. उन्हात तापलेला कापूस आतून ऊबदार, आणि वरून डोळ्यांपुढे नुसतं पांढरं. बाकीचे हमाल म्हणत, "उकंडा कामावर असला का झोपला हाय ते समजत नाही." तो हसे. त्याला स्वतःलाही ते नीट समजत नसे. लग्नानंतर सत्यशीलेनं विचारलं होतं, दिवसभर काय करता? तर म्हणाला, "आभायात चालतो."

एका दुपारी गाडी पूर्ण भरली, ताडपत्री ओढताना दोरी सुटली, आणि उकंडा पाठीवर खाली आला. खाली फरशी होती. कापूस सगळा वर राहिला होता.

दवाखान्यातून घरी आणल्यावर लोक भेटायला आले आणि सगळ्यांनी एकच विचारलं, पाय कसे वाटतात. उकंडानं विचार करून सांगितलं, "कापसात उभा हावो असं वाटते. कापूस कमरेपर्यंत आला अन् थांबला. वर येनंच होत नाही."

निराधारचं सुचवलं ते रामलालनं. रामलाल म्हणजे गावातला ऑटोवाला. एका हातानं हँडल आणि दुसऱ्या तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत तो राळेगावचा रस्ता कापतो, आणि खर्ऱ्यासोबत गावची बातमीही घोटत नेतो. त्यानं सत्यशीलेला सांगितलं, "वहिनी, भाऊचं निराधारमधी टाकून द्या. काम व्हते."

सत्यशीला तापली. "निराधार? मी काय मेली का, रामलालभाऊ? मी घरात हावो अन् हे निराधार?"

"अवो, योजनेचं नाव हाय ते."

"मंग नाव बदलाले सांगा."

नाव काही बदललं नाही. पण घरात चार कमावत्या हातांपैकी दोन आणि चार कमावत्या पायांपैकी दोन खाटेवर बसले होते, आणि सत्यशीलेच्या एकटीच्या निंदणाच्या मजुरीवर चूल रोज पेटत नव्हती. तेव्हा तिनं राग गिळला आणि पदर खोचला. सेतू केंद्रात जाऊन नाव ऑनलाइन चढवलं. तलाठ्याकडून उत्पन्नाचं झालं, ग्रामपंचायतीतून रहिवासी झालं, बँकेत आधार जोडून झालं. प्रत्येक ठिकाणी एक कागद कमी निघे आणि प्रत्येक ठिकाणचा माणूस तो कागद दुसऱ्या ठिकाणी मिळेल असं गोड बोलून सांगे. सत्यशीला कोणाशी भांडली नाही. घरी येऊन ती शेगडीशी भांडे.

मग यवतमाळला डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायचं ठरलं. रामलालच्या ऑटोत मागच्या सीटवर उकंडाला आडवं घातलं, डोकं सत्यशीलेच्या मांडीवर. घरी आणल्यापासून तो पहिल्यांदाच गावाबाहेर निघाला होता. दोन्हीकडे कापूस फुटलेला. आडव्या माणसाला जमीन दिसत नाही, नुसती बोंडं दिसतात. ती मागे मागे सरकत होती आणि उकंडाला वाटलं की ऑटो उभाच आहे, आपणच त्या पांढऱ्यातून चालत निघालो आहोत. त्यानं डोळे मिटले नाहीत. सत्यशीलेनं विचारलं, "दुखून राह्यलं का?" तो म्हणाला, "बोलू नको. पोहोचतो मी."

दवाखान्यात एका तरण्या डॉक्टरनं त्याच्या तळपायाला टाचणी लावली. "टोचतंय?"

"कोनाले?" उकंडानं विचारलं.

डॉक्टर हसला, मग हसणं आवरून पुढचं तपासलं. कागद मिळाला त्यात ऐंशी टक्के लिहिलेले होते. परतताना रामलाल आरशात बघून म्हणाला, "भाऊ, शाळेत पस्तीसच्या वर नाही गेला कधी. आता गावात पहिला आला."

"अभ्यास लय केला," उकंडा म्हणाला.

बऱ्याच महिन्यांनी पगार सुरू झाला. मोठा नव्हता, पण यायचा. सगळे कागद सत्यशीलेनं कापडी पिशवीत घालून खुंटीला टांगले, आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला ती पिशवी घेऊन उकंडाला ऑटोत घालून नेऊ लागली. माणूस जिता आहे हे माणसानं सांगून भागत नाही, दाखला लागतो. उकंडाला त्यात गंमत वाटे. दाखला मिळाला की तो म्हणे, "चाल वं, आता वर्षभर मराची भीती नाही."

दिवस खाटेवर जात. ओसरीतून त्याला रस्त्याचा एक तुकडा दिसे, एक बाभूळ दिसे, आणि खाली वाकलं की स्वतःच्या चपला. त्या सत्यशीलेनं कधी हलवल्या नव्हत्या. आजारी माणसाच्या चपला उचलून ठेवल्या तर तो उठत नाही, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. उठणार नाही हे डॉक्टरनं सांगितलं होतं. सत्यशीलेनं दोघांचा मान राखला. चपला तिथंच राहू दिल्या आणि वाट बघणं सोडून दिलं.

स्वप्नं मात्र उकंडाला सोडत नव्हती. डोळा लागला की कापूस खाली बसायला लागे, आणि तो वर येई. पाय मोकळे होत. मग तो गाडीवरून उतरून सरळ चालू लागे, वावरांवरून, बोरींच्या वरून, जिथं पाय ठेवील तिथं मऊ. सकाळी तो सत्यशीलेला सांगायचा. ती चहा गाळता गाळता ऐके.

"सपनात मी देवसिंगच्या वावराच्या धुऱ्यावर गेलतो. सपनात तिथं मोठं चिंचेचं झाड होतं. सपनात त्या झाडाखाली तू..."

एक दिवस तिनं गाळणी खाली ठेवली. "अवो, सपनात सपनात नका म्हनत जाऊ."

"काहून?"

"मी चांगली तुमच्या मांगं मांगं येतो, अन् तुमी सपनात म्हनलं का मले जाग येते."

(वऱ्हाडात बायकाही 'येतो' म्हणतात, त्याचं कोणी नवल करू नये.) उकंडानं ते ऐकलं. त्या दिवसापासून त्यानं तो एक शब्द गाळला. ती विचारायची, "आज कुठवर गेलते?" आणि तो गेलेलं ठिकाण सांगायचा, बस. मधला शब्द दोघांनाही माहीत होता. लालीबाईला नव्हता.

आणि त्या भादव्यात एक नवीन गोष्ट झाली. एका सकाळी उकंडा जागा झाला, सवयीनं खाली वाकला, तर चपलांना ओला गाळ. तो बघत राहिला. गाळ काळा होता, नाल्याकाठचा, अजून चकाकत होता. त्याच पहाटे तो स्वप्नात चालला होता, पण कुठल्या गावात, कुठल्या वाटेवर, ते डोळे उघडताना विरघळून गेलं होतं. आता वाट समोर पडली होती. सत्यशीला शेगडीपाशी पाठमोरी होती. तिनं विचारलं, "आज कुठवर गेलते?"

"नाल्यापार," उकंडा म्हणाला, "पानी पिंडरीले लागलं."

तिची पाठ क्षणभर थांबली. मग तिनं चहा ओतला.

त्यानंतर हा रोजचाच नेम झाला. मुरूम असला की तो टेकडीकडे जाऊन येई, पान चिकटलेलं असलं की सोयाबीनच्या वावरातून. चपला कशा भिजल्या हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं की जाणं संपतं. शहाणा माणूस काही प्रश्न तोंडात गोळी ठेवावी तसे ठेवतो, चावत नाही.

इकडे चक्कीवरचं पीठ घरोघरी गेलं, तशी बातमीही गेली. रामलालच्या ऑटोतून ती राळेगावला पोहोचली. तिथं कोणा भल्या माणसानं तहसीलमध्ये निनावी अर्ज टाकला, की आमधरीचा उकंडा रोज पहाटे चालतो, टेकडी चढतो, आणि दिवसा खाटेवर पडून पगार खातो. अर्ज आला म्हणजे चौकशी आली. चौकशीत चालतो असं ठरलं की पगार बंद, आणि मागचा दिलेला परत करा म्हणतील ते वेगळं. तलाठ्यानं आदल्या दिवशी निरोप धाडला. सत्यशीलेनं खुंटीवरची पिशवी काढली, कागद नीट लावले, पुन्हा ठेवले. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

नायब तहसीलदार साहेब दुपारी आले. सोबत तलाठी. त्यांच्या मागं रामलाल, कारण रस्ता त्यानं दाखवला होता, आणि रामलालच्या मागं अर्धं गाव, कारण रामलालनं हाक मारली होती. साहेब भला माणूस वाटला. त्यानं कागद पाहिले, कागद ठीक होते. मग त्यानं विचारलं, "शेजारी कोण राहतं?"

लालीबाई आधीच कुंपणाशी उभी होती. आता तिला कुंपणामागं जावंसं वाटत होतं.

"बाई, तुम्ही याला चालताना पाहिलं?"

"मी कायले पाहू, साहेब? लोकाच्या घरात पाहाची सवय नाही मले."

"मग?"

"चपला ओल्या राहतात सकायी," लालीबाई पदराशी बोलावं तसं बोलली. "अन् बोलते न तो. गेलतो म्हनते. नाल्यापार गेलतो, टेकडीवर गेलतो. मी मुद्दाम नाही आइकलं. कूड पातय हाय."

साहेब उकंडाकडे वळला. "असं बोललास का तू?"

"हाव, साहेब," उकंडा म्हणाला.

गर्दीतून एक उसासा गेला. तलाठ्यानं पेन काढलं.

"म्हणजे गेला होतास?"

उकंडानं तोंड उघडलं. एकच शब्द सांगायचा होता. तो जिभेवर आलाही होता. पण तो शब्द त्यानं बायकोच्या हवाली केला होता, आणि या अंगणात, रामलालच्या खर्ऱ्यासमोर, तलाठ्याच्या पेनासमोर तो काढला की उद्या सकाळी चहा गाळताना सांगायला काय उरेल, हे त्याला लख्ख दिसलं. खाटेवर पडलेला, छताकडे बघणारा एक माणूस उरेल. त्यानं तोंड मिटलं. कापूस छातीपर्यंत आला.

"बोल ना, बाबा," साहेब म्हणाला. "तू बोलला नाहीस तर मला लिहावं लागेल."

सत्यशीला शेगडीपासून उठली. हात पदराला पुसत साहेबासमोर येऊन उभी राहिली.

"सपनात, साहेब," ती म्हणाली.

"काय?"

"सपनात जातात ते. सकायी मले सांगतात. सपनात हा शबुद नका म्हनत जाऊ, असं म्याच सांगतलं होतं. त्याहिनं मायं आइकलं. चूक मायी हाय. काय लिहाचं ते माया नावानं लिहा."

साहेबानं खाटेजवळ उकिडवं बसून उकंडाच्या पायावरची चादर बाजूला केली आणि तळपाय हातात घेतला. अर्ध्या गावानं माना पुढे काढल्या. आमधरीत कोणाचा तळपाय पाहा, उन्हाळ्यातल्या वावरासारखा भेगाळलेला. उकंडाचा तळपाय गुळगुळीत होता, पाळण्यातल्या लेकराचा असावा तसा. टाचेवर एक रेघ नव्हती. साहेबानं तो जपून खाली ठेवला आणि चादर ओढली.

"चला," तो तलाठ्याला म्हणाला. "पेन ठेवा."

तो फाटकापाशी पोहोचला तेव्हा रामलालला राहवलं नाही. "पन साहेब, चपला?"

सत्यशीलेचा चेहरा उतरला. उकंडानं ते पाहिलं.

"तू बी काय इचारते, रामलाल," तो खाटेवरून म्हणाला. "टेकडीवर काटे लय हायेत. बिन चपलेचा जाऊ का?"

गाव हसलं. साहेबही हसत हसत जीपमध्ये बसला. लालीबाई सगळ्यांत मोठ्यानं हसली आणि संध्याकाळी वाटीभर मुगाची उसळ घेऊन आली. कूड पातळ आहे, हे तिनं पुन्हा एकदा सांगितलं.

पगार चालू राहिला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडा वाकला, तर चपला कोरड्या होत्या. तिसऱ्या दिवशीही कोरड्या. सत्यशीलेनं काही विचारलं नाही. ती लंगडत होती. तिनं टाचेला चिंधी बांधली होती आणि काटा गेला म्हणाली. उकंडाला स्वप्न पडत होतं, पण त्यात वाट नव्हती. पांढरं होतं आणि तो तिथंच उभा होता. चहा दोघांनी मुक्यानंच घेतला. कुडापलीकडे लालीबाईला सुद्धा चैन पडेना.

शेवटी एका सांजेला सत्यशीला दिवा लावत असताना तो म्हणाला, "आयकतं का वं?"

"काय?"

"मायं जानं बंद झालं."

ती वळली.

"बिन चपलेचं मले जाता येत नाही," उकंडा म्हणाला. "काटे लागतात. तुले माईत हाय."

सत्यशीलेनं त्याच्याकडे बघितलं. मग खाली, खाटेखाली बघितलं. "लोक बोलतात न," ती म्हणाली.

"बोलू दे. लालीबाईनं तरी काय करावं? तिले करमत नाही."

सत्यशीला हसली आणि वात पुढे सारली.

सकाळी धुकं होतं. रस्त्याचा तुकडा दिसत नव्हता, बाभूळ दिसत नव्हती, सगळं गाव कोणी तरी रात्रीतून पिंजून ठेवल्यासारखं. उकंडा वाकला. चपलांच्या तळव्यांना ओला काळा गाळ होता, आणि डाव्या चपलेच्या पट्ट्यात कापसाचं एक पिवळं फूल अडकलं होतं. शेगडी पेटलेली होती. शेजारी ओल्या काड्यांचा भारा टेकवलेला होता.

"आज कुठवर गेलते?" सत्यशीलेनं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"लय लांब," उकंडा म्हणाला. "अन् तू मांगं मांगं येत होती."

आमधरीत अजूनही कोणी म्हणतं, कागद काही म्हणो, उकंडा पहाटे चालतो. खरं एवढंच आहे. उकंडा चालत नव्हता. सत्यशीलेच्या चपलेचा अंगठा सरत्या श्रावणात तुटला होता. पहाटे सरपण आणायला ती नवऱ्याच्या चपला घालून जायची, आणि येऊन होत्या तिथं ठेवायची.